शेटलंडच्या घरामागून अरोरा पाहण्यासाठी

शेटलंड बेटं ६० अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणून स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपेक्षा इथे अरोरा (ध्रुवीय प्रकाश) जास्त वेळा दिसतो. बेटावरचे लोक त्याला ‘मिरी डान्सर्स’ म्हणतात. पण उत्तर नॉर्वेसारखा तो इथे सहसा डोक्यावर येत नाही. बहुतेक वेळा हात लांब करून धरलेल्या वितीएवढ्या उंचीत, उत्तर क्षितिजाला धरून असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेची बाजू मोकळी आणि काळोखी असणं हे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं.

जागा दिवसाउजेडीच ठरवा. इथला वारा बऱ्याचदा नैऋत्येचा असतो, म्हणजे घराच्या उत्तर भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की आडोसाही मिळतो आणि दृश्यही. उत्तरेच्या खिडक्यांचे पडदे ओढा आणि हालचालीने पेटणारा बाहेरचा दिवा मुख्य बटणावरून बंद करा. नाहीतर ऐन वेळी एखादी मेंढी तो पेटवते. काटेरी तारांचं कुंपण, चर, दलदल कुठे आहे ते पाहून ठेवा. घर कड्याजवळ असेल तर एक हद्द ठरवा आणि अंधारात तिच्यापलीकडे जाऊ नका.

ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. मेच्या मध्यापासून जुलैअखेर रात्र पुरती काळी होतच नाही. त्या संधिप्रकाशाला इथे ‘सिमर डिम’ म्हणतात. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत चांगले, कारण विषुवदिनांच्या आसपास सौर वाऱ्याचं (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाचं) चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जास्त सहज जोडलं जातं.

आता मुख्य गोष्ट: बाहेर कधी पडायचं. केवळ केपी आकड्यावर (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ निर्देशांक) विसंबणं ही नेहमीची चूक. तो तीन तासांचा गोषवारा असतो, आणि अरोराचा जोर कधी कधी वीस मिनिटांत ओसरतो. त्याऐवजी सौर वाऱ्याचा ‘बीझेड’, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक पाहा. तो उणे ५ नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली जाऊन अर्धा तास टिकला, तर तयारीला लागा. हे मोजमाप पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी होतं (आपलं आदित्य-एल१ तिथेच आहे). सौर वारा सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तुमच्या हाती साधारण ५० मिनिटं असतात. मग जमिनीवरच्या चुंबकमापकाचा आलेख बघा. शेटलंडच्या मुख्य गावात, लेरविकला, वेधशाळाच आहे. ऑरोरावॉच यूके या ब्रिटिश इशारा सेवेचा पिवळा इशारा ५० नॅनोटेस्लाच्या चुंबकीय हालचालीला, नारिंगी (अंबर) १०० ला आणि लाल २०० ला येतो. शेटलंडमध्ये पिवळ्यालाही दार उघडून पाहावं. अंदाज यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) दिलेले असतात. ब्रिटिश उन्हाळी वेळेत त्यात एक तास मिळवा.

ढगांमुळे लगेच आशा सोडू नका. वायव्येचा वारा असला की सरींच्या मध्ये स्वच्छ पट्टे येतात. दर वीस मिनिटांनी डोकावणं घरातून सहज जमतं, आणि बेटावरच्या घराचा खरा फायदा हाच आहे.

बाहेर आल्यावर डोळ्यांना २०-३० मिनिटं द्या, फोनकडे बघू नका, विजेरी लाल प्रकाशाची ठेवा. मंद अरोरा राखाडी दिसतो, कारण अंधुक उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. ढगाचा पट्टा की अरोरा अशी शंका आली तर ताऱ्यांकडे पाहा: ढग तारे झाकतो, अरोरातून ते दिसतात. शांत कमानीची खालची कड उजळून धारदार झाली की आत जाऊ नका. अरोराचे पडदे हलायला काही मिनिटंच लागतात. जोर ओसरल्यावर आकाशात धपापणारे फिकट ठिपके उरतात. त्यानंतर तासा-दोन तासांत दुसरा भर येऊ शकतो, आणि नेमके तेव्हा लोक झोपायला गेलेले असतात.

कॅमेऱ्यासाठी एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १५ सेकंद. प्रकाश वेगाने हलत असेल तर २-३ सेकंदांवर या, नाहीतर सगळा हिरवा चिखल होतो. फोकस हाताने, तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून लावा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढाच: अरोराचा हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटरच्या एकाच तरंगलांबीचा असल्याने फिल्टरच्या सपाट काचेमुळे फोटोच्या मधोमध वर्तुळं उमटतात. ट्रायपॉडचे पाय पसरून तो बुटका ठेवा, मधला दांडा वर काढू नका. जादा बॅटरी आतल्या खिशात. लेन्सवर समुद्राचं खारं तुषार बसलं असेल तर कोरडं पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर कापड फिरवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.