डॅफ-२ कृमींचं आयुष्य मोजताना

सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटरचा सूत्रकृमी. इन्सुलिनसारखी संप्रेरकं त्याच्या पेशींवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतात, तो डॅफ-२ जनुकातून तयार होतो. हा संदेश मंदावला की डॅफ-१६ हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरतं, ताण सोसायला मदत करणारी जनुकं चालू करतं आणि कृमी जवळपास दुप्पट जगतो. डॅफ-२ बिघडलं की आयुष्य दुप्पट होतं आणि त्यासाठी डॅफ-१६ लागतं, हे सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने १९९३ साली दाखवलं.

हे स्वतः मोजायचं तर तीन वाण घ्या: नेहमीचा एन२, डॅफ-२ जनुकात ई१३७० नावाचा बिघाड असलेला, आणि डॅफ-१६ व डॅफ-२ दोन्ही बिघडलेला. तिसरा वाण हवाच. त्यात आयुष्य पुन्हा आखूड झालं, तरच वाढ या मार्गामुळे झाली असं म्हणता येतं.

कृमी वाढवायच्या प्लेटींसाठीचं आगर (जेलीसारखं घट्ट होणारं माध्यम) ५५ अंशांपर्यंत निवल्यावर लिटरमागे ५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल घाला. कृमीला ते स्वतः बनवता येत नाही, आणि डॅफाक्रोनिक आम्ल हे त्याचं दुसरं हॉर्मोन त्यातूनच घडतं. म्हणून तिन्ही वाणांना एकाच घाण्यातल्या प्लेटी द्या, वर खाद्य म्हणून ओपी५० जिवाणू पसरा.

मोठ्या कृमींना तीन-चार तास अंडी घालू द्या, मग त्यांना काढून टाका. पिल्लं १५ अंशांवर वाढवा. २५ अंशांवर ई१३७०ची पिल्लं डावर या सुप्तावस्थेत जाऊन अडकतात. शरीराच्या मध्यावर पांढरी चंद्रकोर दिसली की ती एल४, म्हणजे प्रौढ होण्याआधीची शेवटची अवस्था. तेव्हा प्लॅटिनमच्या तारेने वेचून २० अंशांवर हलवा. प्लेटीला २५, वाणामागे निदान शंभर.

अंडी थांबेपर्यंत रोज नव्या प्लेटीवर न्या, नाहीतर तीन दिवसांत पोरं आणि आई ओळखू येत नाहीत. एफयूडीआर हे पिल्लं होऊ न देणारं रसायन घातलं की हे कष्ट वाचतात, पण काही वाणांचं आयुष्यच त्याने बदलतं. हाताने हलवणंच बरं.

मृत्यू दर दोन दिवसांनी नोंदवा. खरी चूक इथेच होते: म्हातारे डॅफ-२ कृमी निपचित पडून राहतात आणि मेले समजून मोजले जातात. तारेने नाकाला हलकेच स्पर्श करा, दहा सेकंद थांबा, घशाची धडधड पाहा. प्लेटींवर वाणाचं नाव नको, आकडे घाला, तेही दुसऱ्या कुणाकडून, म्हणजे मोजताना वाण कळणार नाही.

पोटातच पिल्लं फुटली, योनीमार्ग फाटला किंवा कृमी भिंतीवर चढून सुकला, तर तो मृत्यू धरू नका आणि नोंद फेकूही नका. तारीख व कारण लिहून 'वगळला' म्हणा. किती कृमी किती दिवस जगले हे दाखवणाऱ्या कॅप्लान-मायर आलेखात तो त्या दिवसापर्यंत जिवंत म्हणून मोजला जातो.