गाडीची बॅटरी: नवीन टाकण्याआधी मोजा तरी

सेल्फ मारला आणि नुसतं टक-टक झालं की वॉचमनपासून मेकॅनिकपर्यंत सगळे एकच सांगतात, बॅटरी गेली, नवीन टाका. अरे आधी मोजून तरी बघा.

प्रकार ओळखणं सोपं आहे. वर सहा बुचं उघडता येत असतील तर पाण्याची, नसतील तर बहुतेक मेंटेनन्स फ्री, म्हणजे पाणी घालावं न लागणारी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखं बंद-चालू सोसणारी बॅटरी असते, लेबलवर लिहिलेलं असतं, तिथे स्वस्त पडते म्हणून साधी टाकू नका, लवकर बसते. इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये, तुमच्याही गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय बहुतेक वेळा एक 12 व्होल्टची असते आणि ती झोपली की गाडी चालूच होत नाही.

पाणी: डिस्टिल्ड, खुणेपर्यंत. आरओचं नाही, अ‍ॅसिड तर नाहीच.

आता मोजणं. मलाही सुरुवातीला इथेच गोंधळ व्हायचा, कारण गाडी चालवून आल्या आल्या मोजलं की वरवरचा चार्ज दिसतो आणि मेलेली बॅटरीपण ठणठणीत वाटते. म्हणून रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मोजा, मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर, टोकं बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. 12.6 म्हणजे फुल, 12.4 पाऊण, 12.2 अर्धी, 12 च्या खाली जवळजवळ रिकामी. रिकामी निघाली तर आधी चार्ज करा, लगेच शिक्का मारू नका.

मग मीटर लावलेलंच ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चार्ज असूनही आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी दमलीय, बदला. इंजिन चालू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं, 12 वरच अडकलं असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा बेल्ट बघा, नवीन बॅटरीही आठवड्यात झोपेल.

आणि हे कुणी सांगत नाही: मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर, दुसरं त्याच खुंट्यावरच्या क्लॅम्पवर धरा आणि सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष बॅटरीचा नाही, मधल्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीचा आहे. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या एवढ्यासाठी भंगारात जातात. मेंटेनन्स फ्रीवर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा असतो त्यावरही विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

साफ करताना आधी काळी (मायनसची) वायर काढायची, लावताना ती शेवटी, उलट केलंत आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, कोरडं करून क्लॅम्प घट्ट, वरून व्हॅसलीन. सोड्याचं पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका.

महिनाभर गावाला चाललात तर काळी वायर काढून ठेवा. शेजाऱ्याला चावी देऊन रोज पाच मिनिटं गाडी चालू करायला सांगणं हा मूर्खपणा आहे, सेल्फने खाल्लेलंही नीट भरून निघत नाही. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, जमेल तिथे सावली बघा, उष्णता बॅटरीला आतून खाते आणि ते कळतं थंडीत.

मोजून खरंच गेलेली निघाली तर जुनी दुकानातच परत देऊन बिलात पैसे कमी करून घ्या, आणि नवीनवरची बनवल्याची तारीख बघा, सहा महिने दुकानात पडून असलेली घेऊ नका.