डीएक्सएफ एक्स्पोर्ट केल्यावर भिंती वेड्यावाकड्या? माझा अनुभव

घोडबंदर रोडवरच्या एका प्लॉटचं ड्रॉइंग. ऑटोकॅडमध्ये अगदी स्वच्छ दिसायचं, पण डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरला ड्रॉइंग देण्याची फाइल) थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडली की भिंती करवतीसारख्या आणि गोल जिना चौकोनी.

ऑडिट, पर्ज, रिकव्हर (फाइल तपासायच्या, साफ आणि दुरुस्त करायच्या कमांड), जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह, सगळं केलं. फरक शून्य. दोन रात्री वाया.

शेवटी प्लॉटच्या कोपऱ्यावर आयडी कमांड (बिंदूचे एक्स-वाय कोऑर्डिनेट दाखवते) दिली. सर्व्हे यूटीएम (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत) झोन 43 मधला, त्यामुळे वाय 21 लाख मीटरच्या पुढे, मिलिमीटरमध्ये दोन अब्जांवर! थ्रीडी सॉफ्टवेअरमधला 32 बिटचा दशांश आकडा एवढ्या मोठ्या संख्येला 128 मिमीच्या उड्या मारतो. फाइल बिघडलेली नव्हतीच.

मग ड्रॉइंग शून्याजवळ आणायला या क्रमाने केलं. मूळ फाइलची कॉपी. सगळे लेयर ऑन, थॉ (फ्रीझ काढणं) आणि अनलॉक (फ्रीझ लेयर ‘ऑल’मध्ये येत नाहीत, माझे कॉलम असेच मागे राहिले होते). यूसीएस (कोऑर्डिनेटचे अक्ष) वर्ल्ड, म्हणजे मूळ अक्षांवर. कोपऱ्याचे कोऑर्डिनेट वहीत लिहिले, साइटवर परत लागतात. मूव्ह, ऑल, बेस पॉइंट तोच कोपरा, दुसरा पॉइंट #0,0,0. डायनॅमिक इनपुट चालू असेल तर # हवंच, नाहीतर ड्रॉइंग जागचं हलत नाही. झूम एक्स्टेंट्स, लांब कुठे एखादा ठिपका दिसला तर डिलीट. शेवटी डब्ल्यूब्लॉकने (ड्रॉइंग वेगळ्या फाइलमध्ये काढायची कमांड) नवी फाइल, युनिट मिलिमीटर, आणि तिचीच डीएक्सएफ.

जिना गोल आला.