आई-बाबा म्युनिकला येण्यापूर्वी

आई-बाबांना उन्हाळ्यात जर्मनीला बोलवायचे ठरले, की विमानाच्या तिकिटांआधी व्हिसाचे काम हाती घ्यावे. जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मे-जूनमध्ये यायचे असेल, तर जानेवारीतच कागद जुळवायला लागावे. त्यांच्या खर्चाची हमी आपण घेणार असू, तर 'फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग' नावाचे हमीपत्र आपल्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून काढावे लागते. तिथली वेळ मिळायलाच कधीकधी काही आठवडे जातात, म्हणून सुरुवात या पत्रापासून करावी. व्हिसा हातात आल्यावर त्यावरच्या तारखा पाहून थांबू नये, शेजारी छापलेला दिवसांचा आकडाही वाचावा, कारण तारखा पुढच्या असल्या तरी राहता येते ते त्या आकड्याइतकेच. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस हा नियम आहे आणि त्यात उतरण्याचा व निघण्याचा दिवसही धरला जातो.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण तो केवळ अर्जापुरता काढू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचे जुने दुखणे असेल, तर पॉलिसीत त्याविषयी काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे. अनेक पॉलिसींमध्ये जुन्या आजारांना संरक्षण नसते, किंवा फक्त तातडीच्या उपचारांपुरते असते. औषधे स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतची आणता येतात. ती मूळ वेष्टनात ठेवावीत, सोबत घटकद्रव्यांची नावे असलेली इंग्रजी चिठ्ठी असावी आणि निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात. उन्हाळ्यात भारताशी साडेतीन तासांचा फरक पडतो, म्हणून गोळ्यांच्या नव्या वेळा निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारून कागदावर उतरवाव्यात.

सामान भरताना आईला एक गोष्ट आधीच आणि नीट समजावून सांगावी लागते. युरोपीय संघाबाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे घरी कढवलेले साजूक तूप, खवा आणि पेढे आणता येत नाहीत. हापूसच्या पेटीलाही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. नारळ मात्र त्या अटीतून वगळलेला आहे. सुके खोबरे विमानाच्या सामानात घेऊ देत नाहीत, कारण ते पेट घेते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि चिवडा आणायला सांगावे. आणण्यात तिचा आनंद असतो, तो हिरावून घेऊ नये. विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असल्यास ती किमान ४८ तास आधी कळवावी, चालता येत असले तरी, कारण लांबलचक मार्गिका आणि पासपोर्ट तपासणीची रांग यांतच वडीलधाऱ्यांची दमछाक होते.

माझ्या मते खरी तयारी घराची असते, कारण तीन महिन्यांतले बहुतेक दिवस ते दोघे घरीच असणार आणि आपण कामावर. इथले दार नुसते ओढले तरी बंद होते आणि बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसते. बाबा पहिल्याच आठवड्यात रद्दी खालच्या निळ्या डब्यात टाकायला गेले आणि मागे दार लागले. किल्ली व मोबाइल आत राहिला. आई माझ्याबरोबर बाजारात होती. आम्ही परतलो तेव्हा बाबा घरातल्या सपाता घालून जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि 'फार वेळ नाही झाला' म्हणत होते. शेजारच्या बाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला होता, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. त्या दिवसापासून दाराशेजारच्या खुंटीवर नाडीत ओवलेली किल्ली असते आणि ती गळ्यात घातल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम आहे. एक जादा किल्ली शेजारी ठेवावी.

बाथरूममध्ये शॉवरच्या जागेबाहेर बहुधा पाणी जायला वाट नसते, हे दाखवून द्यावे आणि बादली-मग त्या जागेतच ठेवावेत. चपट्या शेगडीवर चालणारा कुकर आधी आणून ठेवावा. फोडणीच्या धुराने छतावरचा धूरसूचक वाजला तर घाबरायचे नाही, आधी खिडकी उघडायची, हे एकदा करून दाखवावे. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून दूध आणि भाजी शनिवारीच आणावी, आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून रविवारी सकाळी मिक्सर लावू नये. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो. देवापाशी दिवा किती वाजता लावायचा, हा आईचा प्रश्न खरा असतो, तो तिच्याशी बोलून ठरवावा. जवळच्या बागेपर्यंतचा बसचा रस्ता दोन दिवस सोबत जाऊन दाखवावा आणि तिसऱ्या दिवशी त्यांना त्यांचे जाऊ द्यावे. खिशातल्या कार्डावर पत्ता, आपला क्रमांक, तातडीसाठी ११२ आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांसाठी ११६११७ लिहिलेले असावे.

सहली आखताना एक दिवस बाहेर आणि एक दिवस घरी, हे प्रमाण मोडू नये. पाच जणांपर्यंत चालणारे बायर्न-तिकीट, म्हणजे इथल्या राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचे दिवसभराचे तिकीट, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत लागू असते, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर वापरता येते. सीमेवर तपासणी होते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवेत. नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्याला पायथ्यापासून अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे आणि प्रवेशाची वेळ चुकली तर तिकीट वाया जाते, तेव्हा हाताशी भरपूर वेळ ठेवावा. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्थानकाचे आकर्षण आपल्याकडे फार आहे. पण ते स्थानक ३,४५४ मीटरवर आहे, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे नेऊ नये. खालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीत बाकावर बसून श्टाउबबाखचा जवळजवळ तीनशे मीटरांचा धबधबा निवांत पाहता येतो, आणि मला विचाराल तर तो दिवस अधिक भरलेला असतो. लंडनला जायचे असेल तर वेगळा व्हिसा लागतो. परतीच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवावा, बॅगा घरीच वजन करून घ्याव्यात, आणि चाकाची खुर्ची परतीसाठीही नोंदवली आहे ना, ते विमान कंपनीला पुन्हा विचारून घ्यावे.