पहिला संदेश तयार करताना : इंटरनेटवर काय वापरावं, कधी वापरावं

मंडळीत (चर्चमध्ये) पहिल्यांदा वचन सांगायची, म्हणजे बायबलमधल्या एखाद्या शास्त्रभागावर संदेश द्यायची, पाळी आली की हात आधी यूट्यूबकडे जातो. त्याच शास्त्रभागावर कोण काय बोललं ते ऐकावं, चार मुद्दे उतरवून घ्यावेत, असं वाटतं. तरुण संघातल्या मुलामुलींना मी एकच विनंती करतो : सोमवार ते बुधवार दुसऱ्या कोणाचा संदेश ऐकू नका. तीन दिवस फक्त शास्त्रभाग वाचा. साधनांचा उपयोग आहेच, पण त्यांचा क्रम चुकला की संदेश तुमचा राहत नाही.

वाचायचं कुठे? यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे आणि त्यात मराठी आवृत्त्या आहेत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची, बहुतेक मंडळ्यांत वाचली जाणारी आवृत्ती उघडा आणि तोच भाग इंडियन रिवाइज्ड व्हर्शनमध्येही वाचा. बायबल गेटवेवर सोप्या मराठीतली ईझी-टू-रीड आवृत्ती आहे. बालशाळेत किंवा वस्तीत बोलायचं असेल तर ती फार कामाला येते. तीन आवृत्त्यांत जिथे वाक्य वेगवेगळं येतं तिथे खूण करा. पुढचा अभ्यास त्या खुणांपासूनच सुरू होतो. मराठी ऑडिओ बायबलही मिळतं. बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना तोच अध्याय पुन्हा पुन्हा ऐकला की वाचताना निसटलेली गोष्ट कानाला लागते.

खुणा केलेल्या जागा घेऊन नेट बायबलकडे जा. ही इंग्रजी आवृत्ती आहे, पण तिची खरी किंमत अनुवादकांच्या ६०,०००हून अधिक टिपांत आहे. अमुक वाक्य असं का घेतलं, जुन्या हस्तलिखितांत काय फरक आहेत, हे त्या सांगतात. केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने तयार केलेलं स्टेप बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांपर्यंत नेतं. ते संगणकावर उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं, त्यामुळे रेंज नसलेल्या गावी काम करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. ग्रीक येत नाही म्हणून घाबरू नका. पण दोन-चार ग्रीक शब्द मंचावरून उच्चारायचा मोहही टाळा.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते एका दाखल्यावरून सांगतो. लूक १०:२५-३७, चांगला शोमरोनी : ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने सांगितलेला दाखला. यरुशलेमहून यरीहोला जाताना लुटारूंनी अर्धमेला केलेल्या माणसाच्या जखमांवर, यहुद्यांचा वैरी समजला जाणारा एक शोमरोनी तेल ओततो आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून नेतो. सगळ्यांना पाठ असलेला, म्हणून सांगायला अवघड. स्टेप बायबलमध्ये मी ‘यरीहो’ हे गावाचं नाव इंग्रजीतून शोधलं. (मराठीत शोधाल तर यरीहोहून, यरीहोस अशी प्रत्यय लागलेली रूपं सुटू शकतात, म्हणून इंग्रजीतून शोधणं बरं.) यहोशवाच्या पुस्तकातले ओळखीचे उल्लेख आले आणि त्यांच्यामागून आलं जुन्या करारातलं २ इतिहास २८:१५. आहाज राजाच्या काळात इस्राएलच्या सैन्याने यहूदातली माणसं कैद करून शोमरोनला आणली. ओदेद संदेष्ट्याने त्यांना खडसावलं. मग तिथल्याच पुढाऱ्यांनी त्या कैद्यांना कपडे आणि जोडे दिले, खाऊपिऊ घातलं, तेल लावलं, अशक्तांना गाढवांवर बसवलं आणि यरीहोला नेऊन पोचवलं. तेल, जनावर, यरीहो, शोमरोनची माणसं! येशूला प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला इतिहासाचं हे पान माहीत असणारच. शत्रूच्या हातून आलेली दया त्याच्या स्वतःच्या शास्त्रात आधीच लिहिलेली होती. हे वाचल्यावर माझा अख्खा संदेश त्या एका वचनाभोवती उभा राहिला. कोणत्याही तयार संदेशातून तो आनंद मिळाला नसता.

त्यानंतर गुगल अर्थवर तो रस्ता बघा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली, आणि मधे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा ओसाड डोंगराळ उतार. घाटात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भाष्यं मात्र गुरुवारी. ख्रिश्चन क्लासिक्स इथिरियल लायब्ररी १९९३पासून जुने ग्रंथ फुकट देते. बायबल हबवर एका वचनाखाली अनेक भाष्यं ओळीने दिसतात. फुकट मिळणारी बरीचशी भाष्यं जुनी आहेत, कारण त्यांचा कॉपीराइट संपलेला आहे. प्रसिद्ध भाष्यकार मॅथ्यू हेन्री १७१४मध्ये वारले. भक्तीच्या अंगाने त्यांच्याइतकं मनाला भिडणारं कमी सापडेल, पण पुरातत्त्वाची माहिती त्यांच्याकडे शोधू नये. आजच्या अभ्यासकांसाठी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या लूथर सेमिनरीचं वर्किंग प्रीचर हे संकेतस्थळ बघा. तिथे रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी या तीन वर्षांच्या पाठमालिकेच्या क्रमाने दर रविवारच्या पाठांवर लेख असतात : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान अधूनमधून. तुमच्या मंडळीची पाठमालिका वेगळी असेल तर शास्त्रभागाच्या नावाने शोधा. विवेचन घ्या, उदाहरणं तिथेच सोडा. मिनेसोटातल्या बर्फाची गोष्ट ऊसतोडीहून आलेल्या माणसाला काय सांगणार? उदाहरण आपल्या बाजारातलं, दवाखान्याच्या रांगेतलं, भावकीतल्या वाटणीतलं हवं.

एखाद्या पुस्तकाचा आराखडा डोळ्यांसमोर हवा असेल तर बायबल प्रोजेक्टचे व्हिडिओ उत्तम आहेत, हिंदीतही आहेत. वसईकडच्या कॅथलिक मित्रांनी पोप फ्रान्सिस यांच्या २०१३च्या ‘एव्हान्जेली गॉदियुम’ या उपदेशपत्रातले १३५ ते १५९ परिच्छेद व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर वाचावेत. प्रवचनाच्या तयारीवर इतकं नेमकं लिखाण आम्हा प्रोटेस्टंटांनाही उपयोगी पडतं.

आता चॅटबॉटबद्दल सगळेच विचारतात. लांब इंग्रजी लेखाचा सारांश काढायला तो वापरा. पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पवित्र शास्त्र उघडून तपासा, कारण नसलेलं वचन किंवा चुकीचा अध्याय तो तितक्याच ठामपणे सांगतो. संदेश त्याच्याकडून लिहून घेऊ नका. गेल्या आठवड्यात कोणाच्या घरी माती झाली, कोणाचं लग्न मोडलं, हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असतं, आणि ती माणसं रविवारी समोरच बसलेली असतात.

शुक्रवारी सगळ्या टॅब बंद करून एका कागदावर मुद्दे उतरवा. शनिवारी घरातल्या कोणाला तरी समोर बसवून संदेश मोठ्याने बोलून दाखवा. ऐकणारा जिथे चुळबुळ करेल तो भाग छाटा, मग तो शोधायला कितीही वेळ लागलेला असो.