कॅमेरा कंपन्या गळतायत, मग सेकंडहँड कॅमेरा घ्यायचा कसा

2010 मध्ये 12 कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, 2023 मध्ये 80 लाखसुद्धा नाहीत. मोबाईलने खाल्लं सगळं. कोनिका मिनोल्टाने 2006 लाच गाशा गुंडाळला, ऑलिम्पसने 2020 मध्ये कॅमेऱ्याचा धंदा विकायला काढला, त्यामुळे घेताना आधी बॉडी नाही, माउंट बघा. म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी. कॅननचा ईएफ 1987 चा, निकॉनचा एफ तर 1959 चा, जुन्या लेन्स ढिगाने मिळतात आणि अडॅप्टर लावून नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवरही चालतात (निकॉनच्या काही जुन्या लेन्सचा ऑटोफोकस मात्र जातो, हे आधीच विचारून घ्या).

मग बॅटरी. ही गोष्ट लोक विसरतातच, मीपण विसरलो होतो, कॅमेरा एकदम टकाटक आणि बॅटरी फुगून आतच अडकलेली, ओरिजिनल कुठेच मिळेना. म्हणून बॅटरीचा नंबर आधी सर्च करा, मिळत असेल तरच पुढे बोला.

लेन्स हातात आली की मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फंगस, ठेवून द्या परत. थोडी धूळ चालते, फोटोत दिसत नाही. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारा पण त्यावरच अडून बसू नका. चिकट झालेलं रबर वगैरे किरकोळ.

आणि बंद झालेल्या सिस्टीमचं काही घेणारच असाल तर चार्जर, केबल, जास्तीची बॅटरी सगळं त्याच वेळी मागून घ्या.