स्पीडप्रमाणे बदलणारा गाडीतल्या गाण्यांचा आवाज: या चुका टाळा

सिग्नलला गाडी थांबते, गाणं दबल्यासारखं वाटतं आणि हात आपसूक नॉबकडे जातो. थोडा आवाज वाढवला. पुढे गाडी ८० च्या वेगाला लागली की तेच गाणं अंगावर येतं. मग कमी करा. पुढच्या सिग्नलला पुन्हा तीच कथा. यात बिघाड बहुतेक वेळा नसतोच. बऱ्याच गाड्यांची म्युझिक सिस्टीम वेग वाढला की आवाज आपोआप वाढवते आणि वेग उतरला की कमी करते. ती आवाज सांभाळत असते आणि आपण तिच्या कामात हात घालत असतो.

गंमत अशी की बऱ्याच गाड्यांत वेगामुळे वाढलेला आवाज स्क्रीनवर दिसत नाही. आकडा १५ चा १५ च राहतो, वाढ आतल्या आत होते. थांबल्यावर तुम्ही १५ चे १८ केले, तर पुढची वाढ त्या १८ वर चढते. म्हणून सिग्नलला नॉबला हात लावू नका, एवढी एक सवय मोडली तरी अर्धी तक्रार मिटते.

दुसरी चूक म्हणजे ही आपोआप वाढ कमी (लो) हवी की जास्त (हाय), याचं सेटिंग उभ्या गाडीत करणं. तिथे लो काय आणि हाय काय, फरक कळणारच नाही. काचा बंद ठेवून ३०-४० च्या वेगात ऐकायला बरा वाटेल एवढा आवाज ठेवा, लेव्हल लो निवडा आणि मोकळ्या रस्त्यावर निघा. शब्द हरवायला लागले तरच एक पायरी वर. बटणं शेजारच्याला दाबू द्या. आवाज वाढला हे जाणवलंच नाही, म्हणजे सेटिंग जमलं.

थेट हाय लावणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट पॉवर द्यावी लागते. आधीच मोठ्याने वाजणाऱ्या सिस्टीमकडे तेवढी नसते, म्हणून हायवेवर गाणं फाटतं. स्पीकरला दोष देण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथवर फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवून गाडीचा चढवत बसू नका. मग रेडिओ लागला की दचकायला होतं.

काच उघडली तरी आवाज का वाढत नाही, असंही विचारतात. साध्या सिस्टीमला फक्त वेग कळतो, वारा नाही. बोसच्या ऑडिओपायलटसारख्या सिस्टीम मायक्रोफोनने केबिनमधला गोंगाट ऐकतात. सगळ्याच गाड्यांत ते नसतं.

बाहेरून हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डवरची म्युझिक सिस्टीम, बसवलं असेल आणि काहीच होत नसेल, तर आधी स्पीड सिग्नलची (गाडीचा वेग युनिटला कळवणारी) वायर जोडली आहे का ते पाहा. फिटिंगवाले ती बरेचदा तशीच टेप गुंडाळून सोडतात, कारण तिच्याविना गाणी वाजतातच. रंगावर विसंबू नका, गाडीचा वायरिंग डायग्राम बघा. काही युनिट आणि फोनवरची ॲप जीपीएसवरून वेग घेतात. ती बोगद्यात गडबडतात आणि आवाज बदलायला थोडा उशीर लावतात.

मेनूत हा पर्याय सापडत नसेल तर नावावरून घोळ झालेला असतो. टोयोटा याला एएसएल म्हणते, फोक्सवॅगन गाला, होंडा एसव्हीसी. बहुतेक वेळा तो साउंड किंवा ऑडिओ सेटिंगमध्ये मिळतो.